गोमंतकाचा ‘दो’ आणि आपला ‘सा’

गोमंतकांत जाणारे प्रवासी मांडवीच्या दक्षिण तीरावरील जुन्या गोव्यांत से कॅथीड्रल व बॉम जेझसचें मंदिर पाहून परततात. आम्ही तेथें डोळ्यांबरोबर कानहि उघडे ठेवून हिंडलों. १९६१ सालीं संपलेल्या पोर्तुगीज अमदानींत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर स्वरलेखनहि शिकवीत. ही विद्या पुढें चरितार्थासहि उपयोगीं पडली. मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक मोठ्या संख्येनें होते.

पोर्तुगीज भाषेंत स्वरांचीं नांवें दो, रे, मि, फा, सोल, ला, सी अशीं आहेत. इंग्रजींत त्याच क्रमानें सी, डी, ई, एफ्, जी, ए, बी. म्हणजे पोर्तुगीजांचा ‘सी’ सातवा, तर इंग्रजांचा पहिला! स्वर अर्ध्या पायरीनें चढविला कीं ‘सुस्तेनिदो’ किंवा ‘शार्प’; उतरविला कीं ‘बेमोल’ किंवा ‘फ्लॅट’.

परंतु खरा भेद निराळाच आहे. आपला षड्ज चल. गायक तो आपल्या गळ्यास मानवेल तेथें धरतो. पोर्तुगीज ‘दो’ अचल. तो पेटीच्या ‘पांढरी एक’वरच बसतो. म्हणून काळी चारमध्यें गाणाऱ्याचा सा त्यांच्या लेखीं ‘दो’ नव्हे, ‘सोल सुस्तेनिदो’ होय.

घरच्या पेटीवर मुलांना एकच पट्टी ह्या तिन्ही नांवांनीं दाखवावी, अशी आमची वाचकांस सूचना आहे. शेजाऱ्याची विद्या परकी वाटते ती पुष्कळदां केवळ नांवांमुळें.