पिंपळे गुरवमध्ये डार्क आवाज हवा!

हॉर्न, ड्रिल मशीन आणि ढोल-ताशाच्या गजरात आपला एक मऊ सूर शोधायचा, तर ट्रंपेट कसं निवडायचं? पिंपळे गुरव ते कसबा पेठ अशी ही सुरेल सफर…

पिंपळे गुरवमध्ये शांतता शोधणं म्हणजे पार्किंग शोधण्याइतकंच अवघड काम! सकाळी कंपन्यांच्या बसेसचे हॉर्न, दुपारी कुठल्या तरी फ्लॅटमध्ये फरशी कापायचं मशीन, संध्याकाळी काटेपुरम चौकातली गर्दी. गणपती जवळ आले की पथकांची प्रॅक्टिस सुरू. एरवी गाव झकास आहे. डायनासोरवालं उद्यान आहे, निळू फुल्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, पवनेचा काठ आहे. आणि नावातच 'गुरव' आहे. पुष्कळ गावांत देवळाची पूजा करणारा आणि देवापुढे वाजवणारा गुरवच. म्हणजे वाजवणाऱ्याला इथे थोडा तरी मान मिळायला हरकत नाही!

मी दिवसा डिझाइन ऑफिसात कॅडवर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी ट्रंपेट शिकतो. आमचे मास्तर नवी सांगवीत राहतात, फौजी बँडमधून रिटायर झालेले. या भागात अशी माणसं भेटतात, कारण एका बाजूला दापोडीचं सीएमई, पुढे खडकीचं बीईजी. दोन वर्षं मास्तरांच्याच जुन्या वाद्यावर काढली. या वर्षी बोनस आला आणि ठरवलं, आता स्वतःचं घ्यायचं.

पण कसं? ते ठरवलं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं. तो चाकणला प्लँटमध्ये आहे. नाइट शिफ्टचा आठवडा असला की सकाळी घरी येऊन झोपतो, आणि माझी रविवारची प्रॅक्टिस नेमकी तेव्हाच. त्यानं कधी तक्रार केली नाही. एकदा लिफ्टमध्ये एवढंच म्हणाला, "दादा, परवा ते मऊ वाजवत होता ना, तेच वाजवत जा. त्यात झोप लागते." बास! माझी रिक्वायरमेंट फायनल झाली.

'ओपन' आणि 'डार्क' म्हणजे काय, भाऊ?

वाजवणारे ज्याला 'डार्क' म्हणतात, त्याला शेजारी मऊ म्हणाला आणि मास्तर 'भरलेला' म्हणतात. कुठल्याही सुराबरोबर त्याचे वरचे बारीक सूर वाजत असतात. ते जास्त असले की आवाज चकाकतो, कमी असले की गडद होतो. ट्रंपेटची नळी बरीचशी सरळ असते, म्हणून जोरात फुंकलं की आवाजाला धार येते. फ्लूगलहॉर्न हा तिचा चुलतभाऊ. त्याची नळी रुंदावत जाते, म्हणून तो मुळातच मऊ.

'ओपन' ही मात्र वाजवणाऱ्याची भावना. फुंकलेली हवा अडत नाही, वाद्य ढकलून परत देत नाही, ते ओपन. ऐकायला भारी वाटतं ना? पण फार ओपन वाद्य श्वास खाऊन टाकतं. सूर आपल्या जागी पटकन बसत नाहीत, ते तुम्हालाच धरून ठेवावे लागतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांचा दम दहा मिनिटांत संपतो.

आणि प्रत्येकाला डार्क आवाज हवाच असं कुठंय? १९३८ पासूनच्या पुण्याच्या प्रभात बँडला विसर्जन मिरवणुकीत गर्दीच्या डोक्यावरून सूर न्यायचा असतो. तिथे चकाकणारा आवाजच पाहिजे. उलट माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' रात्री हेडफोनवर ऐका. तो मार्टिन कंपनीचं 'कमिटी' मॉडेल वाजवायचा आणि ते डार्क आवाजासाठीच नावाजलेलं. आपल्याकडचं नाव हवं? गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट! खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तो बँडसकट पडद्यावरही दिसतो.

कासारवाडी ते कसबा पेठ

खरेदीसाठी पुण्यात जायचं होतं. पूल ओलांडला की कासारवाडी. कासार म्हटलं की पितळेची भांडी नाहीतर बांगड्या आठवतात, म्हणजे शकुन चांगला! सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते, त्यामुळे कासारवाडीला बसायचं आणि थेट कसबा पेठेत उतरायचं. वाटेत मास्तर म्हणाले, "आधी तांबट आळीत जाऊ. बेल कशी बनते ते डोळ्यांनी बघ."

तांबट आळी बघितली नसेल तर आयुष्यात एकदा जाच. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे सारखे ठोके पडत असतात, त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यानं धातू कडक होतो आणि अंगावर ती चमचमती नक्षी उमटते. ट्रंपेटची महागडी बेल अशीच जन्माला येते: एकाच पत्र्याची घडी, जोड, मग साच्यावर ठोकणं आणि मधूनमधून तापवून नरम करणं. स्वस्त वाद्यात बेलचं तोंड आणि दांडा वेगवेगळे करून जोडतात.

धातूचं गणित इंजिनिअर मंडळींना सोपं जाईल. पिवळं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोल्ड ब्रास म्हणजे ८५-१५. रोझ ब्रास ९०-१०. तांबं वाढलं की आवाज डार्क होतो असं कॅटलॉग सांगतात. मीही तेच धरून चाललो होतो.

पाठ फिरवून परीक्षा

दुकानात दोन वाद्यांवर मामला आला. यामाहाचं वायटीआर-३३३५, पिवळ्या पितळेच्या बेलचं. त्याचा लीडपाइप उलट्या पद्धतीचा, म्हणजे हवेच्या वाटेत एक पायरी कमी. दुसरं वायटीआर-४३३५जीटू, गोल्ड ब्रासच्या बेलचं आणि अर्थातच महाग. दोन्हींचा बोअर ११.६५ मिलिमीटर. मन दुसऱ्यावर जडलं होतं, रंगच तसा!

मास्तर दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "एकच सूर लांब धर. हळू सुरू कर, वाढव, परत हळू. कुठलं वाद्य ते सांगू नकोस." मी आलटून पालटून वाजवली. माझ्या हातात फरक जाणवत होता, पहिलं जास्त मोकळं होतं. पण मास्तरांना दर वेळी ओळखता आलं नाही. मग मी गुपचूप माउथपीस बदलला. ७सी काढून ७बी लावला. तोंडाला लागणारी कडा जवळपास तेवढीच, फक्त आतला कप खोल. पहिल्याच सुराला मास्तर वळले, "हे काय काढलंस? हेच!"

मी चक्रावलो. पण विचार केला तर पटतं. आवाज घडतो तो हवेच्या नळीच्या आकारानं. त्यात माउथपीसचा कप आणि लीडपाइप ओठांच्या सगळ्यात जवळ. धातूचा वाटा त्यामानानं छोटा. शिवाय आपण बेलच्या मागे असतो आणि ऐकणारा पुढे. दोघांना ऐकू येणारा आवाज एक नसतोच! ओपन आहे की नाही ते माझ्या छातीला कळणार, डार्क आहे की नाही ते समोरच्याच्या कानाला.

मी पिवळं ट्रंपेट घेतलं, सोबत ७बी. उरलेल्या पैशांत मास्तरांसह मिसळ झाली आणि सहा महिन्यांची फीही बाजूला पडली. पुढच्या रविवारी नाइट शिफ्टवाला शेजारी जिन्यात भेटला. "नवीन घेतलं का?" "हो. झोपमोड झाली?" "नाही ओ. आज कुणी वाजवलं नाही असंच वाटलं, म्हणून विचारलं." यापेक्षा मोठी दाद कुठली?

ट्रंपेट घ्यायला जाताय?

* आधी माउथपीस बदलून बघा. बाखच्या आकड्यांत 'सी'पेक्षा 'बी'चा कप खोल, म्हणजे आवाज जास्त मऊ.
* स्वतःचा माउथपीस सोबत न्या, नाहीतर तुलना वाद्यांची होणारच नाही.
* एक जाणकार कान सोबत हवा, आणि त्याची पाठ तुमच्याकडे हवी!
* सेकंडहँड घेताना व्हॉल्व न दाबता त्याची स्लाइड ओढा, क्षणभर थांबून व्हॉल्व दाबा. 'टप्' आवाज आला तर व्हॉल्व घट्ट आहे.
* लीडपाइपवर गुलाबी ठिपके दिसले तर सावधान. पितळेतलं जस्त निघून चाललंय.
* बजेट कमी असेल तर मेरठच्या जळी कोठीची देशी वाद्यं बघा. तिथल्या नादिर अली कंपनीची सुरुवात १८८५ ची. नग मात्र एकेक वाजवून निवडा.
* प्रॅक्टिस म्यूट लावून ओपन फील तपासू नका. म्यूट हवा अडवतो, सगळीच वाद्यं बंद वाटतात.