परसातली कोंबडी आणि पायाखालची जागा

हल्ली परसबागेचं कौतुक फार वाढलंय. गच्चीवर वांगी लावली, दोन गावरान कोंबड्या पाळल्या, जुन्या साड्यांची गोधडी शिवली, की झाला 'निसर्गाकडे परत' जाणारा माणूस. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण हेच सगळं आमच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या चालत होतं, तेव्हा त्याला घाण का म्हटलं गेलं?

मनुस्मृतीचा पाचवा अध्याय काढून बघा. लसूण, कांदा आणि गावातली कोंबडी एकाच यादीत. जाणूनबुजून खाणारा द्विज पतित. दहाव्या अध्यायात चांडाळाचं धन म्हणजे कुत्री आणि गाढवं. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हे पुस्तक जाळलं. आज ज्या सोसायट्यांत गावरान अंडी चढ्या भावाने घेतात, तिथेच आडनाव विचारून खोली नाकारतात. कोंबडी शुद्ध झाली. ती पाळणारी बाई?

माझी माय मराठवाड्यातल्या एका गावाच्या गायरानावर राहते. मृग लागला की ती कुडाच्या कडेने दोडका, भोपळा, वाल टोकते. बी राखेत घोळून गाडग्यात जपलेलं असतं, दुकानातलं नाही. पावसाळाभर कोंबड्यांचं डालगं कोरडं ठेवायची मारामार. दिवाळीनंतर खुडूक कोंबडी बसवायची: बारा-तेरा अंडी, एकवीस दिवस. कडक उन्हाळ्यात बसवली तर अंडी नासतात, म्हणून तेव्हा कोंबड्यांना विश्रांती आणि मायला वाकळ. बाभळीच्या सावलीत चार बाया चार कोपरे धरून शिवतात आणि गावाची सगळी बातमी तिथेच कळते.

अंड्यांचे पैसे मायच्याच कनवटीला राहिले. बापाने कधी मागितले नाहीत, किंवा तिने मागू दिले नाहीत. माझे परीक्षेचे फॉर्म त्यातूनच भरले गेले.

मानमोडी आली की आठ दिवसांत खुराडं रिकामं होतं. लस आहे, महागही नाही. पण एका कुपीत शंभराहून जास्त मात्रा येतात आणि ती थंड ठेवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी एकटी बाई ती कशी आणणार? आता वस्तीतल्या बाया वर्गणी काढतात, एक पोरगा थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो आणि एका सकाळी सगळ्या घरांच्या कोंबड्यांना लस दिली जाते. संघटन म्हणजे फक्त मोर्चा, असं मानणाऱ्या आपल्या काही भाषणबाज मित्रांनी ती सकाळ जरूर बघावी.

आता मुख्य मुद्दा. ज्या मातीत तो दोडका उगवतो, ती आमच्या नावावर नाही. 1959 आणि 1964 ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. 14 एप्रिल 1990 पूर्वीची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची वहिवाट नियमित करायचा शासन निर्णय 1991 सालचा आहे. तरी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने गायरानं मोकळी करायला सांगितलं आणि वस्तीत नोटिसा आल्या. शहरातल्या बागवाल्याला खताची चिंता, मायला कागदाची.

वहिवाटीचा पुरावा मागतात. वीजबिल, रेशनकार्ड, दंडाची जुनी पावती आम्ही जमवली. दंडाची पावती जपून ठेवा मित्रांनो. ज्या वर्षी दंड झाला त्या वर्षी आपण तिथे होतो, हे सरकारनेच लिहून दिलेलं असतं. दारातला शेवगा माझ्या जन्माआधीचा आहे, पण पंचनाम्यात ना शेवगा आहे ना खुराडं. दोन्ही नोंदवा, असा अर्ज मायने अंगठा उठवून दिलाय. पोच घेतली आहे.