सात माणसे आणि एक खोली

जर्मनीतले लाइपझिग हे शहर लोकसंख्येने नाशिकच्या निम्मेही नाही. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहरात १४ लाख ८६ हजार माणसे मोजली गेली होती. लाइपझिगमध्ये आज सहा लाखांवर काही हजार आहेत. तरीही इथे नोकरीला आलेला मराठी माणूस वर्षभरात एकदा तरी म्हणतोच, की यांच्याकडे संस्कृती आहे, आपल्याकडे नुसते उत्सव. गेवांडहाउसचा वाद्यवृंद ऐकला, दर शुक्रवारी आणि शनिवारी थोमास चर्चमध्ये नाममात्र पैशांत होणारे समूहगायन ऐकले, की हे म्हणणे खरेही वाटू लागते. मला ते चुकीचे वाटते. ही दोन शहरे एकाच पायावर उभी आहेत. फरक आहे तो त्या पायाची निगा कोण आणि कशी राखतो, यात.

गेवांडहाउस कुणा राजाने काढले नाही. १७४३ मध्ये गावातल्या सोळा जणांनी वर्गणी काढून संगीतसभा सुरू केली. १७८१ मध्ये ती कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत भरू लागली आणि त्या इमारतीचे नाव तिला कायमचे चिकटले. आता नाशिककडे पाहा. सार्वजनिक वाचनालय १८४० चे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून सतरा वर्षांनी जुने. गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला शंभरी ओलांडून गेली. लोकहितवादी मंडळ कुसुमाग्रजांच्या पुढाकाराने १९५० मध्ये निघाले आणि २०२१ चे ९४ वे साहित्य संमेलन त्याच मंडळाने भरवले. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या छत्राखाली विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना तर दुबई, नेदरलँड्स, टोकियोपर्यंत पुस्तकांच्या पेट्या पोहोचवून बसली. जर्मन कायद्यात संस्थेची नोंदणी करायला किमान सात सभासद लागतात. आपल्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यातही सातच. सात माणसे दर आठवड्याला नेमाने भेटली आणि त्यांना परवडेल अशी खोली मिळाली, की मध्यम शहरात कला उगवते. एवढेच माझे म्हणणे आहे.

खोलीचे महत्त्व कळायला लाइपझिगची ‘श्पिनेराय’ पाहावी. १८८४ मध्ये सुरू झालेली ही प्रचंड सूतगिरणी जर्मन एकीकरणानंतर बंद पडली. कामगार गेले, रिकाम्या माळ्यांवर चित्रकार शिरले, कारण भाडे जवळपास नव्हतेच. निओ राउख यांच्यासारखे, ज्यांची चित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, असे चित्रकार तिथेच काम करत मोठे झाले. कुणी कलाधोरण आखून हे घडवलेले नाही. स्वस्त जागा आणि भरपूर वेळ यांतून ते घडले. पुढे शहराची कीर्ती झाली, भाडी चढली, आणि आता तिथले तरुण कलावंत जागा परवडत नाही म्हणून तक्रार करतात.

यावर नाशिकमधला कुणीही म्हणेल, की आमची गुणी मुले मुंबई-पुण्यालाच जातात. जातात, आणि जावे. राउख यांचीही चित्रे विकली गेली ती बर्लिन-न्यूयॉर्कला. प्रश्न माणूस शेवटी कुठे राहतो हा नसून पहिली दहा वर्षे तो कुठे घडतो, हा आहे. प्राजक्त देशमुख यांचे ‘देवबाभळी’ व्यावसायिक रंगभूमीवर येण्याआधी एकांकिका म्हणून स्पर्धेत उभे राहिले होते, आणि २०२० मध्ये साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराने त्याची दखल घेतली. स्पर्धेची एकांकिका म्हणजे तालमीची जागा, रात्री उशिरापर्यंत दिवा चालू ठेवू देणारा कुणी तरी, आणि प्रयोगाचे परवडणारे भाडे. वसंत कानेटकर नाशिकच्या महाविद्यालयात शिकवत असताना नाटके लिहीत होते, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप पैशाचा. जर्मन नगरपालिका ऑपेरा आणि वाद्यवृंद पोसतात. तेवढा पैसा नाशिककडे कुठून यायचा? आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. जर्मनीतला सार्वजनिक पैसा मुख्यतः पगारांत आणि रोजच्या वापरात जातो. आपला जातो इमारतीत. नाशिकमधल्या महाकवी कालिदास कलामंदिर या नाट्यगृहाचे नूतनीकरण होऊन ते २०१८ मध्ये पुन्हा उघडले, आणि लगेच भाड्याच्या दरांवरून रंगकर्मींना आवाज उठवावा लागला. वातानुकूलन आले, खुर्च्या आल्या, पण हौशी संघाचे गणित कोलमडले तर त्या खुर्च्यांवर बसून पाहायचे काय? उलट रंगपंचमीच्या पेशवेकालीन रहाडी पाहा. जमिनीतले ते दगडी हौद वर्षातून एकदा उघडायचे, प्रत्येकाचा रंग ठरलेला, मान ठरलेला, आणि सण झाला की पुन्हा बुजवायचे. हे सारे जुन्या नाशिकमधल्या गल्ल्या स्वतः सांभाळत आल्या आहेत. खर्चाच्या मानाने टिकाऊपणा मोजला तर रहाडीपुढे कुठलाही महोत्सव हरेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: या संस्था ठरावीक घरांच्या, ठरावीक जातींच्या असतात. ज्या शहरात व्याख्यानमाला चालू होती, त्याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह करावा लागला. वामनदादा कर्डकांच्या गाण्याला आणि बाबूराव बागुलांच्या कथेला श्रोता मिळाला तो आधी वस्त्यांत आणि चळवळीत, सभागृहांत बऱ्याच उशिरा. लाइपझिगचाही हिशेब स्वच्छ नाही. गेवांडहाउसला नाव मिळवून देणारा मेंडेल्सझोन जन्माने ज्यू. त्याचा पुतळा नाझींनी १९३६ मध्ये उखडला आणि त्याची प्रतिकृती उभी राहायला २००८ साल उजाडले. म्हणजे संस्था दार बंदही करतात. पण त्यावरचा उपाय संस्थांची जागा इव्हेंट कंपन्यांना देणे हा नव्हे. कंपनीत सभासद नसतो, मत नसते, निवडणूक नसते. जिथे मत आहे तिथे भांडून आत शिरता तरी येते. सार्वजनिक वाचनालयाच्या निवडणुका चुरशीच्या होतात म्हणून लोक हसतात. मला ते शहर जिवंत असल्याचे लक्षण वाटते.

सिंहस्थ जवळ आला आहे, २०२७ च्या तयारीत रस्ते, घाट, पूल यांवर मोठा पैसा खर्च होतो आहे आणि त्यातला बराचसा अटळ आहे. नाशिककरांनी याच काळात महापालिकेकडे दोन साध्या गोष्टी मागाव्यात: हौशी संघांसाठी नाट्यगृहांचा वेगळा, कमी दर, आणि महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी तालमींसाठी उघडे. आणि स्वतः एखाद्या वाचनालयाची, मंडळाची वर्गणी भरून सभासद व्हावे. वार्षिक सभेला जावे, आणि पटले नाही तर तिथे उभे राहून बोलावे.