मालकी, कब्जा आणि बट्टा

२०२३ ची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. भाईंदर पूर्वेच्या माझ्या कचेरीत, जेथे गेली अठ्ठावीस वर्षे मी लोकांच्या मिळकतींचे मूल्यांकन करीत आलो आहे, एक निवृत्त शिक्षक वहीतले एक पान चौघडी करून घेऊन आले. त्या पानावर त्यांनी सुवाच्य अक्षरात दोन आकडे एकाखाली एक मांडले होते : वर ४००, खाली ३२०. गुरुजी म्हणाले, "साहेब, मुंबईतल्या आणि बंगळुरातल्या पक्क्या, भाड्याने दिलेल्या इमारती. मूल्यांकन करणारे तुमच्यासारखेच सनदी लोक. ते म्हणतात, एका हिश्शाची किंमत चारशे. आणि बाजारात तो तीनशे वीसला मिळतो. पाच आण्यांची वस्तू चार आण्यांना मिळत असेल तर घ्यावी की नाही, एवढेच सांगा."

प्रश्न एका वाक्याचा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याचे धाडस मला झाले नाही, आणि आजही होणार नाही.

ज्या वस्तूविषयी गुरुजी विचारीत होते तिला कायद्याच्या भाषेत स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास म्हणतात आणि बाजारात नुसते 'रीट' म्हणतात. अनेकांचा पैसा एकत्र करून मोठमोठ्या कचेऱ्यांच्या इमारती आणि मॉल एका न्यासाच्या छत्राखाली आणावयाचे, त्यांचे भाडे गोळा करून हिस्सेदारांना वाटावयाचे आणि त्या हिश्शांची शेअरबाजारात खरेदी-विक्री होऊ द्यावयाची, अशी ही व्यवस्था आहे. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने तिचे नियम २०१४ मध्ये केले, परंतु पहिला न्यास, एम्बसी ऑफिस पार्क्स, बाजारात नोंदला गेला तो १ एप्रिल २०१९ रोजी, तीनशे रुपयांच्या हिश्शाने. त्यानंतर २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफील्ड आणि २०२३ मध्ये मॉलवाला नेक्सस असे एकामागून एक आले. नरिमन पॉइंटचे एक्स्प्रेस टॉवर्स, पवईची केन्सिंग्टन इमारत, मालाडचे पॅराडाइम, ऐरोलीची दोन प्रचंड संकुले, सीवूड्सचा मॉल ही सारी आज कोणा ना कोणा न्यासाच्या मालकीची आहेत. आमच्या मीरा-भाईंदरमधून सकाळच्या लोकलला लोंबकळत जाणाऱ्या कितीतरी मुलामुलींचे टेबल ज्या मजल्यावर आहे, त्या मजल्याचे भाडे कुणाच्या तरी आईवडिलांच्या खात्यात तिमाहीला जमा होत असते. प्रारंभी या बाजारात शिरावयाचे तर लाखांनी पैसे लागत; २०२१ मध्ये सेबीने एकेक हिस्सा विकत घेण्याची मुभा दिली, आणि तेव्हापासून गुरुजींसारखे लोक माझ्याकडे येऊ लागले.

आता त्या चारशेविषयी. वर्तमानपत्रात तो आकडा सोन्याच्या भावासारखा छापला जातो म्हणून वाचकाला तो वजनकाट्यावर तोललेला वाटतो. परंतु ज्याने आयुष्यभर असे आकडे काढले आहेत त्याला ते कसे निघतात हे ठाऊक असते, आणि ते सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो. समजा, एका इमारतीचे खर्च वजा जाता वार्षिक भाडे दहा कोटी आहे. अशा इमारतीवर दरसाल आठ टक्के उत्पन्न मिळावे ही खरीदाराची अपेक्षा धरली, तर तिची किंमत १२५ कोटी होते. अपेक्षा साडेआठ टक्के धरली, तर तीच इमारत, तीच वीट आणि तेच भाडेकरू असूनही, सुमारे ११७ कोटी ६५ लाखांची होते; आणि नऊ टक्के धरली तर १११ कोटी ११ लाखांची. इमारतीवर साडेसदतीस कोटींचे कर्ज असेल तर ते काही घटत नाही. म्हणजे हिस्सेदारांच्या वाट्याचे साडेसत्त्याऐंशी कोटी आधी सव्वाऐंशी कोटींच्याही किंचित खाली आणि मग सुमारे साडेत्र्याहत्तर कोटींवर उतरतात. अपेक्षेत एका टक्क्याचा फरक पडला आणि हिश्शाच्या मूल्यातून जवळजवळ सोळा टक्के वजा झाले. आठ धरावयाचे की नऊ, हे सही करणाऱ्या मूल्यांककाच्या प्रामाणिक, पण अखेर मानवी, अंदाजावर अवलंबून असते. मी गुरुजींना म्हटले की तुमच्या वरच्या आकड्यात विद्वत्ता आहे, तपास आहे, कायद्याची जबाबदारीही आहे. मात्र खालच्या आकड्याने आज खरोखर कुणीतरी पैसे मोजले आहेत.

तरीही बाजाराचा भाव तेवढा खरा आणि मूल्यांकन खोटे असे मी म्हणणार नाही. आपल्या सराफी व्यवहारात 'बट्टा' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. झिजलेल्या किंवा परमुलुखातल्या नाण्याची किंमत दर्शनी किमतीहून जेवढी कमी धरावयाची तो बट्टा. आणि नावाला लागतो तोही बट्टाच. नाणे कमी किमतीत मिळत असेल तर ते केवळ लांबच्या टांकसाळीचे आहे म्हणून, की त्यात चांदीच कमी आहे म्हणून, हे पारखणे हाच सराफाचा धंदा. न्यासाच्या हिश्शाला लागलेला बट्टाही याच रीतीने पारखावा लागतो.

२०२२ आणि २०२३ साली जो बट्टा लागला त्याची कारणे माझ्या समजुतीप्रमाणे मुख्यतः पहिल्या जातीची होती. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ पर्यंत चार टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. ठेवीवर चांगले व्याज मिळू लागल्यावर भाड्याच्या उत्पन्नासाठी कोण जादा मोजील? त्याच फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात न्यासाकडून कर्जफेडीच्या नावाने हिस्सेदाराला मिळणाऱ्या रकमेवर कराचा प्रस्ताव आला. पुढे तो सौम्य झाला, पण भाव पडावयाचा तो पडला. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या इमारतींची आयकर-सवलत नव्या उद्योगांसाठी ३१ मार्च २०२० रोजी संपली होती, त्यातच महामारीने लोकांना घरी बसविले, आणि ऐरोलीसारख्या ठिकाणी रिकामे मजले भाड्याने देणे कठीण झाले. मजल्यागणिक विशेष आर्थिक क्षेत्राचे बंधन काढून घेण्याची सोय सरकारने केली ती डिसेंबर २०२३ मध्ये. शिवाय मोठा मालक हिस्से विकावयास काढणार ही टांगती तलवार होती. त्याच डिसेंबरात ब्लॅकस्टोन या बड्या हिस्सेदाराने एम्बसीमधील आपला उरलेला सर्व हिस्सा विकून टाकला. यांतले एकही कारण इमारतीच्या पायात शिरलेले नव्हते.

परंतु दुसऱ्या जातीचा बट्टाही मी पाहिला आहे, आणि तो आमच्या जवळच, पनवेलला. डिसेंबर २००६ मध्ये लंडनच्या 'एम' (AIM) शेअरबाजारात हिरको नावाची कंपनी नोंदली गेली. पनवेल आणि चेन्नई येथे वसविल्या जाणाऱ्या नगरींत पैसा घालण्यासाठी तिने सुमारे अडतीस कोटी पौंड उभे केले. हिस्सा पाचशे पेन्सचा होता. २००८ च्या मंदीनंतर तो भाव इतका कोसळला की कागदावरील मूल्याशी त्याचा काही संबंध उरला नाही. आणि त्या काळात माझ्या व्यवसायातले कितीतरी जाणते लोक 'किती स्वस्त, किती स्वस्त' म्हणत त्या आकड्यांकडे पाहत होते. पण जमीन रिकामी, नगरी कागदावर, भाडे शून्य. आणि पैसा लंडनच्या हिस्सेदारांचा असला तरी काम कधी काढावयाचे, सदनिका कधी विकावयाच्या, रोकड कधी परत द्यावयाची, याची सूत्रे त्यांच्या हाती नव्हती. बट्टा कितीही खोल असला तरी तो भरून निघण्यास वाटच नव्हती.

याच्या अगदी उलट गोष्ट १९५३ सालची, इंग्लंडमधली. चार्ल्स क्लोर नामक गृहस्थाने पाहिले की जे. सीअर्स या जोड्यांच्या कंपनीच्या शेअरचा बाजारभाव तिच्या सुमारे नऊशे दुकानांच्या जागांच्या खऱ्या किमतीपुढे क्षुल्लक आहे. त्याने थेट भागधारकांना चढा भाव देऊन कंपनी ताब्यात घेतली आणि त्यातल्या अनेक जागा विकून पुन्हा भाड्याने घेतल्या, म्हणजे भिंतींत अडकलेला पैसा मोकळा केला. क्लोरला बट्टा लाभला, कारण किल्ली त्याच्या हाती आली.

हा कब्ज्याचा मुद्दा मी पुस्तकांतून शिकलो नाही. तो मला या गावाने शिकविला. भाईंदर, मीरा आणि घोडबंदर ही गावे १८७० साली इंग्रज सरकारने रामचंद्र लक्ष्मणजी यांस ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालावेत आणि त्याच्या मोबदल्यात उत्पन्न घ्यावे, अशी ती तजवीज होती. पुढे ते हक्क हस्तांतरित होत इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आले, आणि तिचा दावा, शेतकऱ्यांचा पिढीजात कब्जा आणि शासनाची भूमिका यांचा वाद न्यायालयांत आणि विधिमंडळात गाजत राहिला. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर पोहोचलेले हे शहर अशा सातबाऱ्यांवर उभे राहिले. माझ्या टेबलावर सातबारा येतो तेव्हा मी कब्जेदाराचा रकाना वाचून थांबत नाही. प्रथम 'इतर हक्क' वाचतो. तेथे एक ओळ असली तर तीच भिंत, तोच मजला, तोच रस्ता असूनही खरीदार रक्कम तोडून मागतो आणि बँकेचा वकील शंकांची यादी काढतो. मालकी, कब्जा आणि हुकमत ही तीन एका हातात नसली म्हणजे बट्टा लागतो, आणि तो रास्त असतो.

न्यासाच्या हिस्सेदाराकडे मालकीचा अंश आहे, कब्जा मुळीच नाही आणि हुकमत नाममात्र. इमारत विका असे तो सांगू शकत नाही. म्हणून मला सेबीच्या नियमांचे मोल फार वाटते. मालमत्तांपैकी किमतीने किमान ऐंशी टक्के पूर्ण झालेल्या आणि भाडे देणाऱ्या असल्या पाहिजेत. वाटपायोग्य रोकडीपैकी किमान नव्वद टक्के वाटलीच पाहिजे. कर्ज मालमत्तेच्या एकोणपन्नास टक्क्यांवर जाता कामा नये आणि पंचवीसच्या वर जावयाचे तर पतमूल्यांकन आणि हिस्सेदारांची संमती हवी. मूल्य वर्षातून दोनदा जाहीर झाले पाहिजे. व्यवस्थापक बदलण्याचा ठराव हिस्सेदारांना आणता आला पाहिजे. हिरकोच्या हिस्सेदाराला यांतले नव्वद टक्के वाटपाचे एकच कलम मिळते, तरी रिकाम्या जमिनीतून ते काही वाटू शकले नसते. पण भाडे देणाऱ्या इमारतीत ते कलम म्हणजे हिस्सेदाराच्या हाती आलेली किल्लीच आहे, लहान का होईना.

म्हणून गुरुजींना मी बट्ट्याचा हिशेब उलट्या बाजूने मांडून दाखविला. चारशेच्या हिश्शावर वर्षाला बावीस रुपये वाटले जात असतील तर ते साडेपाच टक्के होतात; तोच हिस्सा तीनशे वीसला घेतला तर पावणेसातच्या थोडे वर. एवढा लाभ बट्टा कधी बुजो वा न बुजो, दर तिमाहीला तुमचा. उरलेले ऐंशी रुपये मिळालेच तर केव्हा मिळतील यावर त्यांची किंमत ठरते : तीन वर्षांत मिळाले तर दरसाल पावणेआठ टक्के भर, दहा वर्षे लागली तर जेमतेम सव्वादोन. जो ऐंशी रुपयांसाठी घेतो त्याने घेऊ नये. बावीस रुपयांसाठी घेणाऱ्याने ते बावीस कोठून येतात हे पाहावे.

ते पाहण्याची माझी रीत साधी आहे, आणि तिच्यासाठी मी आजवर कुणाकडून पैसे घेतलेले नाहीत. मी जागेवर जातो. त्या हिवाळ्यात संध्याकाळी ऐरोली स्टेशनच्या पुलावर उभा राहून मी संकुलाच्या इमारतींतले उजळलेले मजले मोजले. आठवड्यातून तीन वेगवेगळ्या दिवशी. मंगळवारी जे दिवे होते ते शुक्रवारी कमी होते. फाटकाबाहेरच्या वडापाववाल्याला विचारले तर तो म्हणाला, दोन वर्षांमागे तो पावाच्या दोन लाद्या आणीत असे, आता सहा आणतो आणि त्या चारच्या आत संपतात. घरी येऊन अहवालातले व्याप्तीचे टक्के त्याच्या लाद्यांशी ताडून पाहिले. दिशा एकच होती. एवढ्याने काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे, तरी जेथे आपला पैसा जातो तेथे आपले पाय लागले पाहिजेत असे मला मनापासून वाटते.

पुढचे काही गुपित नाही. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आला, मजले भरत गेले आणि न्यासांवरचा बट्टा पुष्कळसा बुजला. उद्या व्याज चढले तर तो पुन्हा लागेल.

गुरुजींनी त्या वेळी निवृत्तीच्या रकमेचा लहानसा भागच घातला, तोही तीन हप्त्यांत. यंदा गणपतीच्या आधी ते पुन्हा आले. मला वाटले, भाव चढला म्हणून विकावे काय हे विचारावयास आले असतील. त्यांनी पिशवीतून सहामाही अहवालाचे छापील पान काढले. भावाचे किंवा मूल्याचे ते नव्हते. कोणत्या भाडेकरूचा करार कोणत्या वर्षी संपतो याचा तक्ता होता, आणि पुढल्या दोन वर्षांच्या रकान्याखाली त्यांनी पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती. "साहेब," ते म्हणाले, "यांतले किती जण राहतील, हे कुणाला विचारावयाचे?" मी खुर्ची जवळ ओढली, आणि आम्ही तक्ता पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतला.