दुसऱ्या क्रमांकाची निवड

२१ जून २०१८. ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट सुरू होता. फिनिक्सने पहिल्या पाळीला डिआंद्रे एटनला घेतलं आणि दुसरी पाळी आली सॅक्रामेंटो किंग्जची. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे मराठी माणसाचं लक्ष तिकडे जरा जास्तच. समोर एकोणीस वर्षांची दोन मुलं होती. मार्विन बॅगली ड्यूक विद्यापीठाकडून सामन्याला सरासरी २१ गुण आणि ११ रिबाउंड काढत होता. उंच, चपळ आणि उडी तर बघत राहावी अशी. दुसरा स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच. रेआल माद्रिदने महिन्याभरापूर्वीच युरोलीग जिंकली होती आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू हाच होता. किंग्जनी बॅगलीला घेतलं.

एनबीएचा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे बोली लागत नाही. तीस संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नवा खेळाडू उचलतात. प्लेऑफला मुकलेल्या चौदा संघांत वरच्या क्रमांकांसाठी लॉटरी निघते. जो जास्त हरला त्याला संधी मोठी, मात्र २०१९पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, १४ टक्के शक्यता असते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकावरून जवळपास ठरलेला असतो. दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. त्यामुळे निवड फसली तरी पैसा फार बुडत नाही. बुडते ती पाळी, आणि त्या पाळीला मिळू शकला असता तो दुसरा खेळाडू.

हे नुकसान बास्केटबॉलमध्ये फार झोंबतं, कारण कोर्टवर एका बाजूचे पाचच जण असतात. एकच असामान्य खेळाडू सामन्यातली बहुतेक मिनिटं चेंडू हाताळून निकाल फिरवू शकतो. म्हणून पहिल्या चार-पाच पाळ्यांना ‘दहा वर्षं बरा खेळेल’ असा माणूस घेणं मला पटत नाही. तिथे धोका पत्करायलाच हवा. प्रश्न एवढाच, की कोणता धोका.

शरीराचा धोका सगळ्यांत जुना. १९८४मध्ये दुसरी पाळी पोर्टलंडची होती. ह्यूस्टनने हकीम ओलाजुवानला आधीच नेलं होतं. पोर्टलंडला गरज होती उंच सेंटरची. मायकल जॉर्डन ज्या जागेवर खेळायचा, त्याच जागेचा क्लाइड ड्रेक्सलर त्यांनी आदल्याच वर्षी घेतला होता. त्यांनी सॅम बोवीला निवडलं. नडगीच्या हाडाच्या दुखापतीपायी बोवीचे केंटकी विद्यापीठातले दोन अख्खे मोसम वाया गेले होते. तिसऱ्या क्रमांकावर जॉर्डन शिकागोला मिळाला. पोर्टलंडकडच्या पाच मोसमांत मिळून बोवी १३९ सामने खेळला. एनबीएच्या एका मोसमात ८२ सामने असतात. संघातली रिकामी जागा भरण्याच्या घाईत दुखऱ्या हाडाकडे काणाडोळा झाला, ही माझ्या लेखी खरी चूक. संघातल्या जागा दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. हाड तेच राहतं.

२००७मध्ये याच पोर्टलंडला पहिली पाळी मिळाली. त्यांनी ग्रेग ओडनला घेतलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत त्याचा पहिला मोसम गेला आणि पोर्टलंडसाठी तो एकूण ८२ सामने खेळू शकला. दुसऱ्या पाळीला सिअॅटलने केव्हिन ड्युरँटला उचललं. ड्राफ्टपूर्व चाचणीत १८५ पौंडांचं वजन ड्युरँटला एकदाही उचलता आलं नव्हतं. छातीत ताकद पुढे भरते. सात फुटांच्या जवळ जाणाऱ्या मुलाकडे ड्युरँटसारखा नेम सहसा सापडत नाही.

मग दुखापतग्रस्त मुलाला घेऊच नये का? फिलाडेल्फियाने २०१४मध्ये जोएल एम्बीडला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, तेही ड्राफ्टच्या तोंडावर पायाचं हाड मोडलेलं असताना. पहिले दोन मोसम तो एकही सामना खेळला नाही. २०२३मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. महाव्यवस्थापक सॅम हिंकी तेव्हा तो संघ मुळापासून बांधत होते, जिंकायची घाई नव्हती, म्हणून वाट पाहणं परवडलं.

नेमकी उलटी स्थिती डेट्रॉइटची होती. २००३मध्ये, जुन्या अदलाबदलीतून आलेली दुसरी पाळी हातात असताना हा संघ आधीच तगडा होता. लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंडला गेला होता आणि सायराक्युजला विद्यापीठांचं अजिंक्यपद मिळवून देणारा कार्मेलो अँथनी शिल्लक होता. ख्रिस बॉश आणि ड्वेन वेडही होते. डेट्रॉइटने सर्बियाचा जेमतेम अठरा वर्षांचा डार्को मिलिचिच घेतला, कारण सात फुटी देहात तेवढं कसब क्वचित दिसतं. पुढच्याच वर्षी डेट्रॉइट विजेता झाला आणि डार्को बाकावर बसून राहिला. अर्धवट तयार मुलाला चुका करायला कोर्टवर वेळ लागतो. अजिंक्यपदाच्या मागे असलेला संघ तो वेळ देऊ शकत नाही.

डॉन्चिचच्या बाबतीत मात्र न दुखापत होती, न वयाचा कच्चेपणा. शंका होती ती वेगाची आणि उडीची. युरोपातल्या अनुभवी, भारदस्त व्यावसायिकांविरुद्ध तो किशोरवयापासून खेळत होता. २०१७मध्ये स्लोव्हेनियाने युरोबास्केट जिंकली त्या संघातही तो होता, आणि तेव्हाचे त्याचे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह २०१८मध्ये फिनिक्सचेच प्रशिक्षक होते. तरी फिनिक्सने एटनला घेतलं. किंग्जकडे द’आरन फॉक्स हा वेगवान गार्ड होता, त्यामुळे चेंडू हाताळणाऱ्या आणखी एकाची गरज वाटली नसावी. डॉन्चिच तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि अदलाबदलीत डॅलसला पोचला. २०१९मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२० ते २०२४ सलग पाच वर्षं लीगच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंच्या पहिल्या संघात आला. बॅगलीला किंग्जनी २०२२मध्ये डेट्रॉइटकडे धाडलं.

उडी दिसते, मोजता येते, चित्रफितीत शोभून दिसते. बचाव करणारा एक पाऊल चुकला हे कळून त्याच क्षणी कोपऱ्यातल्या साथीदाराकडे चेंडू जाणं, हे टेपने मोजता येत नाही. पण खेळाडू कुठवर जाईल, हे ठरवण्यात त्याचा वाटा मोठा असतो. निकोला योकिच हा याचा सर्वांत ठळक पुरावा. जाड अंगाचा, न उडणारा हा सर्बियन सेंटर २०१४मध्ये ४१व्या क्रमांकावर डेन्व्हरला मिळाला; तीनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि २०२३मध्ये त्याने डेन्व्हरला पहिलं अजिंक्यपद मिळवून दिलं.

खालच्या पाळ्यांचं गणित वेगळं असतं. २०१३मध्ये पहिला निवडला गेलेला अँथनी बेनेट चार मोसमांत लीगबाहेर गेला, तर ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा अठरा वर्षांचा यानिस अँटेटोकुंपो १५व्या क्रमांकावर मिलवॉकीला मिळाला. तो फसला असता तरी त्या क्रमांकावर फार काही हातचं गेलं नसतं. पुढे शिकवणाऱ्यांचाही वाटा येतो. २०११मध्ये १५व्या क्रमांकावर निवडला गेलेला कवाय लेनर्ड विद्यापीठात लांबून नेम धरण्यात कच्चा होता. सॅन अँटोनिओच्या प्रशिक्षकांनी त्याची फेक सुधारली आणि २०१४च्या अंतिम मालिकेचा तो मानकरी ठरला.

याच हिशेबाने २०१५ची एक निवड मला आजही योग्य वाटते. पंजाबातल्या बल्लो के गावचा, लुधियानाच्या अकादमीत घडलेला, सात फूट दोन इंचांचा सतनामसिंग भामरा डॅलसने ५२व्या क्रमांकावर घेतला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एनबीएच्या साखळी सामन्यात तो कधीच उतरला नाही. विकास लीगमध्ये टेक्सस लेजंड्सकडून खेळला. दुसऱ्या फेरीत पगाराची हमी देण्याचं बंधन नसतं आणि तिथे निवडलेल्या कित्येकांना लीगमध्ये जागा मिळत नाही. अशा पाळीला डॅलसने ही उंची आजमावून पाहिली, ते बरोबरच केलं.