गाडीचा श्वास

प्राणाचा जितका विचार आपल्याकडे झाला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयाचा झाला असेल. संध्येला बसणारा मनुष्य नाकपुडीवर बोट ठेवतो ते उगाच नव्हे. यंत्राच्या बाबतीत मात्र आपले सारे लक्ष अन्नाकडे. गाडीत पेट्रोल किती घातले, ते कोणत्या भावाने मिळाले, एका लिटरात ती किती धावली, याची चर्चा ओटीवर तासन् तास चालते. पण ती हवा किती घेते, कोठून घेते आणि कशी घेते, हे विचारणारा विरळा. हवा फुकट मिळते, म्हणूनच की काय, तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. गेल्या फाल्गुनात तो हिशेब मांडण्याचा प्रसंग आमच्यावर आला, आणि त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

इंदुरात आमचे बिऱ्हाड तीन पिढ्यांचे. घरात कोंकणी, बाजारात हिंदी आणि लिहिण्यावाचण्यात मराठी, ही सरमिसळ होळकरांच्या या नगरीत कोणाला खटकत नाही. दारात एक लहान मोटार आहे. वय पंचविशीच्या पुढे, इंजिन चार सिलिंडरांचे आणि जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरचे. पंधरा वर्षे उलटल्यापासून दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करून आम्ही तिला सांभाळीत आलो आहो. आमच्या मातोश्रींना चौऱ्यांशीवे लागले आहे. गोव्यात जाऊन कुलदेवतेचे दर्शन एकदा घडावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आगगाडीचे जिने गुडघ्यांना मानवत नाहीत. तेव्हा घरच्या गाडीने, वाटेत मुक्काम करीत, हजारांहून अधिक किलोमीटरांचा पल्ला हळूहळू गाठावा असे ठरले होते.

परंतु गाडी चढावर धापा टाकू लागली होती. ऊन तापले, रहदारीत अर्धा तास रखडली, की पुढच्या चढाला तिचा दम तुटे. शहरातील एका दुरुस्तीखान्यात दाखविली, तेव्हा इंजिन उघडावे लागेल आणि चाळीस हजारांच्या आसपास खर्च येईल, असा निर्णय मिळाला. तेवढी तरतूद आमच्यापाशी नव्हती. गाडी मोडीत काढावी तर यात्रा राहते, आणि मातोश्रींच्या वयाला ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे उत्तर देता येत नाही.

छावणीतील एका वृद्ध मिस्त्रींना आम्ही विचारले. त्यांनी प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजला. चारही आकडे जवळजवळ सारखे आणि समाधानकारक आले. “साहेब, हिचे हृदय ठीक आहे, हिचा श्वास पाहा,” एवढेच ते म्हणाले.

श्वासाचा आकडा काढून पाहिला तेव्हा आम्हीच चकित झालो. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे एका लिटरामागे अकरा किलो हवा, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात अकरा किलो हवा म्हणजे सुमारे दहा हजार लिटर. इंजिन एक लिटर मापाचे धरले आणि ते मिनिटाला तीन हजार फेरे घेत असले, तर दर दोन फेऱ्यांना एकदा या नियमाने ते पूर्ण जोरात मिनिटाला दीड हजार लिटरांपर्यंत हवा ओढू शकते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर घेतो. म्हणजे दोनशे माणसांचा श्वास एका वीतभर तोंडातून चाललेला! त्यातच इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. येथली हवा किनाऱ्यावरच्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी मुळातच विरळ.

आमचा पुतण्या महाविद्यालयात यंत्रविद्या शिकतो. त्याने एक तोडगा आणला. मूळची गाळणीची पेटी काढून टाकावी आणि तिच्या जागी बाजारात मिळणारी शंकूच्या आकाराची उघडी गाळणी बसवावी. त्याच्या मित्राने तशी बसविली होती आणि ती गाडी गल्लीत शिरली की खिडक्यांची तावदाने थरथरत. “काका, आवाज ऐका ना, ताकद वाढलीच असली पाहिजे,” हा त्याचा युक्तिवाद. गर्जना म्हणजे शक्ती, हा समज तरुणांचाच आहे असे नाही. सभांतूनही तो आढळतो. वस्तुतः मूळच्या पेटीचे एक काम हवेच्या त्या घरघरीला शमविण्याचे असते. पेटी गेली की घरघर मोकळी होते, एवढेच.

हवा खरोखर वाढवायची तर काय करावे लागते, याचे एक उदाहरण याच नगराच्या इतिहासात आहे. माणिकबाग हा आधुनिक पद्धतीचा राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधवून घेणारे महाराज यशवंतराव होळकर दुसरे, यांच्यासाठी १९३५ मध्ये अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ जातीची एक मोटार घडविली गेली. तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढविला होता. आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटरांचे इंजिन आणि निर्मात्यांच्या सांगण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. त्या शक्तीचे मर्म आवाजात नव्हते. इंजिनानेच फिरविलेला एक पंखा हवा दाबून आत घालीत असे, यात होते. ते ऐश्वर्य महाराजांचे. ज्याच्यापाशी पंखा नाही, त्याने जी हवा मिळते ती थंड मिळेल आणि स्वच्छ मिळेल, एवढेच पाहावे. गरिबाच्या स्वयंपाकघरालाही हाच न्याय लागू असतो.

तेव्हा आधी मोजावे आणि मग कापावे, असे आम्ही पुतण्याशी ठरविले. गाळणीच्या पलीकडे हवा ओढताना किती ओढ बसते हे पाहण्यासाठी पारदर्शक नळी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून तिच्यात कुंकवाचे पाणी भरले आणि तिचे एक टोक पेटीला जोडून नळी आत, आसनाशेजारी टांगली. पूर्ण जोराने चढ चढताना दोन बाजूंच्या पाण्यात अठरा सेंटिमीटरांचा फरक पडला. गाळणी नवी घातल्यावर तो सहावर आला, आणि क्षणभर गाळणीच काढून पाहिली तेव्हा दोनवर. आता वातावरणाचा एकूण दाब इंदुरात पाण्याच्या सुमारे पावणेदहा मीटर उंचीएवढा. म्हणजे नव्या गाळणीला मुठीत धरून बसलेली हवा अर्ध्या टक्क्याहूनही कमी! तेवढ्यासाठी गाळणी मोकळी करणे म्हणजे राईएवढ्या लाभासाठी घराचे दार उघडे टाकण्यासारखे.

मग दुसरे माप घेतले, ते उष्णतेचे. बाहेर ३६ अंश असताना, रहदारीतून अर्धा तास फिरून आल्यावर, पेटीच्या तोंडाशी तापमापक ६४ अंश दाखवीत होता. तापलेली हवा पसरते. या हिशेबाने प्रत्येक घोटात सुमारे आठ टक्के हवा कमी जात होती. शिवाय कार्ब्युरेटरातले पेट्रोलही तापून आतल्या आत वाफाळत असणार. धाप कशाची, ते कळले. मित्राची उघडी गाळणी हीच तापलेली हवा अधिक गर्जना करीत प्याली असती. आकडे पाहून पुतण्या गप्प झाला आणि त्याने वही काढली.

साहित्य सियागंजात आणि भंगारवाल्याकडे मिळाले. साडेसहा सेंटिमीटर व्यासाची, आत तार असलेली लवचिक रबरी नळी, दोन क्लिपा, थोडी जाळी. पाण्याच्या नळाची पांढरी प्लास्टिकची नळी स्वस्त पडते, पण ती ऐंशी अंशांच्या सुमारास मऊ पडू लागते, म्हणून ती इंजिनाजवळ घेतली नाही. घरातल्या तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्याचा पत्रा टिनवाल्याकडून कापून-मुडपून घेतला आणि धुराच्या तापलेल्या नळ्या व गाळणीची पेटी यांच्यामध्ये आडोसा म्हणून बसविला. नळीचे तोंड पुढच्या जाळीमागे, पण पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या बाजूला ठेवले; त्याच्या पाठीमागे ठेवले असते तर तापलेलीच हवा पुन्हा मिळाली असती. वळणे शक्य तितकी मोठी घेतली. सर्व मिळून अकराशे रुपयांच्या आत खर्च झाला.

तीन नियम मात्र मिस्त्रींनी बजावून सांगितले, ते येथे नमूद करतो. पहिला असा, की गाळणीच्या अलीकडे हवे ते करा, पलीकडे हात लावू नका. अलीकडच्या नळीला चीर गेली तर फार तर गरम हवा शिरेल. पलीकडच्या नळीला गेली तर धूळ थेट इंजिनात. दुसरा असा, की तोंड खाली नेऊ नका. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात ते बुडाले तर इंजिन पाणी ओढते, पाणी दाबले जात नाही, आणि आतला पोलादी दांडा वाकतो. म्हणून तोंड उंच आणि नळीच्या सर्वांत खालच्या जागी एक बारीक भोक. तिसरा असा, की सारे काही एका तासात मूळपदावर आणता आले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाला बाध आणणारे फेरफार करू देत नाही; आमच्या कामात त्या तपशिलातले काही बदलले नव्हते. तरीही धुराची तपासणी आम्ही पुन्हा करून घेतली, आणि ती पार पडली.

धुळीबद्दल आणखी एक शब्द. इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले आहे, आणि त्याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. परंतु शहराची वेस ओलांडली की माळव्याची काळी माती आपले राज्य सांगते. रस्त्याच्या धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात. ते सिलिंडरात गेले की पोलादाला कानशीसारखे घासतात. ज्या गाडीला नवे इंजिन परवडत नाही, तिने गाळणीशी वैर धरू नये.

पारखण्यासाठी आग्रा–मुंबई मार्गाने मानपूरचा घाट उतरून निमाडात गेलो आणि भर दुपारी परत चढलो. तापमापक पेटीच्या तोंडाशी आता ४२ दाखवीत होता. तूट आठ टक्क्यांवरून दोनवर आली होती. हिशेबातले सहा टक्के चाकापर्यंत पोहोचता पोहोचता झिजतात, हे खरे. गाडी काही वाऱ्याशी स्पर्धा करू लागली नाही. पण जेथे ती दुसऱ्या गिअरात अडखळत असे, तो चढ तिने तिसऱ्यात, न थांबता पार केला. पीथमपूरला २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरांचा वेगाचा मार्ग आहे. तेथे मोठ्या कंपन्यांच्या गाड्या सूक्ष्म यंत्रांनी पारखल्या जातात. आमची पारख तापमापक, कुंकवाचे पाणी आणि एक घाट यांवरच झाली, आणि प्रश्नाचे उत्तर तेवढ्यातही मिळाले.

मातोश्रींना हा सारा खटाटोप समजावून सांगितला, तेव्हा त्या पुतण्याला म्हणाल्या, “गाडयेकूय स्वास जाय न्हय रे पुता?” तीन आठवड्यांच्या मोजमापाचा सारांश त्यांनी एका वाक्यात काढला.

आजकाल घरगुती युक्तीची दोन टोके दिसतात. कोणी तिला मागासपणा म्हणून हसतात, कोणी तिची अवास्तव बढाई मारतात. आमच्या मते युक्तीची किंमत तिच्या स्वस्तपणात नसते. ती दुखण्याचे खरे स्थान शोधल्यावर केली की नाही, यात असते. मोजल्यावाचून बसविलेली महागडी वस्तूही शेवटी अंगाराच. आणि मोजून बसविलेला तेलाच्या डब्याचा पत्राही शास्त्रच. आमच्या घरातील तरुणाला हे पुस्तकावाचून कळले, हा लाभ आम्ही वाचलेल्या रकमेहून मोठा समजतो.

रंगपंचमीची गेर आटोपल्यावर आम्ही निघालो. सेंधव्याचा बिजासन घाट, पुढे धुळे, नाशिक, पुणे, आणि मग कोंकणची उतरण. मातोश्रींनी देवळाच्या पायऱ्या दोघांच्या आधाराने, पण स्वतःच्या पायांनी चढल्या. पुतण्याच्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: समुद्रसपाटी, हवा इंदूरहून दाट, गाडी खूष. पौषात, इंदूरची पहाट दहा अंशांखाली उतरू लागली, की कार्ब्युरेटराला थोडी ऊब हवी असते. तेव्हा नळी सोडवून माळ्यावर ठेवावयाची, असेही त्याने पुढे लिहून ठेवले आहे.