सही आपलीच हवी

जमिनीवर हवा कुणी पारखून घेत नाही. पाण्याखाली जाणाऱ्याला मात्र ती किनाऱ्यावरच मोजून घ्यावी लागते, आणि डायव्हिंगमधलं माझं आवडतं काम तेच. मासे, प्रवाळ सगळं नंतर.

मालवण-तारकर्लीला उथळ पाण्यात डोकावणाऱ्या पर्यटकाला साधी हवा पुरते. खाली बराच वेळ रेंगाळायचं असेल, तर नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा. ते करायची एक रीत अशी: सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजन सोडायचा, तोही सावकाश. घाई केली तर दाबला गेलेला वायू तापतो, आणि व्हॉल्व्हमध्ये ग्रीसचा ठिपका जरी राहिला असेल तरी भडका उडू शकतो. मग वरून गाळलेली हवा भरायची. 21 टक्क्यांचा ऑक्सिजन 32 वर गेला की नायट्रोजन तेवढा घटतो, अंगात कमी मुरतो.

पण खोल गेलं की हाच ऑक्सिजन उलटतो. दर 10 मीटरला दाब साधारण एका बारने वाढतो, आणि ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब 1.4 बारपुढे जाऊ द्यायचा नाही, असा दंडक आहे. 32 टक्क्यांना ही हद्द 33 मीटरवर येते, 36 ला 28 वर. पुढे झटके येऊ शकतात, तेही कसलीच चाहूल न देता. तोंडातलं रेग्युलेटर सुटलं की संपलं. दाबाखालच्या ऑक्सिजनचं हे विष पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 मध्येच ग्रंथात नोंदवून ठेवलंय.

म्हणून ऑक्सिजनचा टक्का मोजणारा अ‍ॅनालायझर. त्यातला सेन्सर म्हणजे एक छोटी बॅटरीच. ऑक्सिजन लागला की आतलं शिसं झिजतं आणि वीज तयार होते. पाकीट फोडलं की वापरा न वापरा, तो झिजतच राहतो. आधी साध्या हवेवर 20.9 ला जुळवायचा, मग व्हॉल्व्ह किंचित उघडायचा. आकडा भराभर चढतो, मग एकेका दशांशावर अडतो. इथे ज्याला धीर नाही त्याने पोहायलाच जावं. आकडा स्थिरावला की चिकटपट्टीवर टक्का, खोलीची हद्द, तारीख आणि सही. सिलिंडर भरणारा सख्खा भाऊ असला, तरी सही आपलीच.

एक गोष्ट मात्र त्या यंत्राला दिसत नाही. कॉम्प्रेसर हवा ओढतो तिथेच कुणाचं डिझेल इंजिन धडधडत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये शिरतो. त्याला ना वास, ना चव. अ‍ॅनालायझर खुशाल 32 दाखवतो. तेव्हा मी आधी कॉम्प्रेसरच्या शेडमागे जाऊन हवेच्या नळीचं तोंड कुठे आहे ते बघतो. भरणाऱ्याला राग येतो. येऊ दे.